मूळपुरुष राखणदार असेल तर?

देवगिरीच्या यादवांचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास दोन प्रश्न विचारले जातात. ते मराठी की कानडी? आणि ते खरंच द्वारकेहून आले होते का? दोन्हींवर भांडायला माणसं एका पायावर तयार असतात. मला मात्र गेले काही महिने तिसराच प्रश्न छळतोय. घराणं मोठं झालं की त्याला आपला मूळपुरुष बदलावासा का वाटतो?

हा प्रश्न माझ्यापुरता नुसता इतिहासाचा नाही बरं का. आमच्या घरात सध्या यावरूनच थोडी कुरबुर चालू आहे आणि हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी त्या कुरबुरीत सामील आहेत. तिच्याकडे येतेच. पण आधी यादवांकडे जाऊ, कारण आमच्या वादात दोन्ही बाजूंनी त्यांनाच साक्षीला उभं केलंय.

शाळेतल्या पुस्तकात यादव अचानक उगवतात. एका पानावर देवगिरीचा किल्ला, पुढच्या पानावर 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी येतो, रामदेवराय हरतो आणि धडा संपतो. मधे कुठेतरी हेमाडपंती देवळं आणि मोडी लिपी. म्हणजे हे घराणं आपल्याला कळतं ते त्याच्या शेवटापासून. सुरुवात कुठे झाली हे विचारलं तर बहुतेक जण देवगिरी म्हणतील. पण देवगिरी राजधानी झाली ती पाचव्या भिल्लमाच्या काळात, 1187 च्या सुमाराला. त्याआधी तीनशेहून जास्त वर्षं हे घराणं आमच्या नाशिक जिल्ह्यात आणि नगरच्या बाजूला नांदत होतं. चांदवड, सिन्नर, अंजनेरी, संगमनेर... आज एसटीच्या पाटीवर वाचतो ती गावं. तेव्हा यांना यादवांपेक्षा ‘सेउण’ म्हणून जास्त ओळखत आणि त्यांच्या मुलखाला सेउणदेश म्हणत. घराण्याचा ज्ञात पहिला पुरुष दृढप्रहार. काळ नवव्या शतकाचा मध्य. ठिकाण चंद्रादित्यपूर, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपलं चांदवड. त्याचा मुलगा सेउणचंद्र. देशाला नाव मिळालं ते याच्यावरून.

आता गंमत बघा. या दृढप्रहाराबद्दल दोन जुन्या हकिगती आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की हसू येतं.

पहिली हेमाद्रीची. हेमाद्री म्हणजे आपला हेमाडपंत. महादेव यादवाचा आणि पुढे रामचंद्राचा मंत्री. त्याच्या चतुर्वर्गचिंतामणीतल्या व्रतखंडाच्या सुरुवातीला राजघराण्याची प्रशस्ती आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1884 साली दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तेव्हा यादवांसाठी त्यांनी या प्रशस्तीचा मोठा आधार घेतला होता. हेमाद्री सांगतो की यादव आधी मथुरेचे, मग कृष्णापासून द्वारकेचे. त्यांच्यात सुबाहू नावाचा सार्वभौम राजा झाला. त्याने आपली पृथ्वी चार मुलांत वाटून दिली. दुसरा मुलगा दृढप्रहार, त्याच्या वाट्याला दक्षिण आली. म्हणजे हा माणूस घरातून निघाला तोच पृथ्वीचा चौथा हिस्सा खिशात घालून!

दुसरी हकिगत जिनप्रभसूरींची. हे चौदाव्या शतकातले जैन आचार्य. त्यांनी निरनिराळ्या तीर्थांवर लिहिलेल्या ग्रंथात नाशिकवरही एक प्रकरण आहे. त्यातही द्वारका आहे, पण जळून गेलेली. त्या आगीतून घराण्यातली एक गरोदर बाई वाचते आणि जैन धर्माच्या आश्रयाने तिला मुलगा होतो. तो दृढप्रहार. पुढे मुलगा मोठा होतो, अंगाने दणकट. एकदा चोर लोकांची गुरं पळवतात. हा त्यांच्याशी लढून गुरं परत आणतो. लोक खूष होऊन त्याला गावाच्या राखणीचं काम देतात. ‘तलार’ हे त्या पदाचं नाव.

पृथ्वीचा वाटा नाही, अभिषेक नाही. चोरांपासून गुरं सोडवली म्हणून गावाने राखणदार नेमला, एवढंच.

दुसरी गोष्ट खरी आणि पहिली खोटी असा माझा दावा नाही. जिनप्रभसूरींनाही आपल्या तीर्थाचा महिमा सांगायचा होताच. शिवाय ते दृढप्रहारानंतर पाचशे वर्षांनी लिहीत होते. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. हेमाद्रीने लिहिलं तेव्हा यादव सत्तेवर होते आणि तो स्वतः त्यांचा मंत्री होता. जिनप्रभसूरींचा ग्रंथ पुरा झाला तोवर देवगिरीचं राज्य बुडून पंधराएक वर्षं झाली होती. त्यांना कुणा यादव राजाची मर्जी सांभाळायची नव्हती. लोकांत जी आठवण फिरत होती ती त्यांच्यापर्यंत आली असेल आणि त्यांनी ती तशीच ठेवली असेल, असं मानायला जागा आहे.

आणि ती आठवण आपल्या मातीशी फार जुळते. गावाबाहेर, देवळाच्या आवारात, पारावर शेंदूर फासलेले वीरगळ तुम्ही पाहिले असतील. कित्येक वीरगळांवर खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि त्याच्या शेजारी गाई कोरलेल्या असतात. वरच्या चौकटीत लढाई, त्याच्या वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. गुरं सोडवताना मेलेल्या माणसांची ही स्मारकं. बहुतेकांवर नाव नाही, अक्षर नाही. त्या काळात गुरं म्हणजे गावाची सगळी पुंजी. ती गेली की नांगर थांबला, दूध थांबलं, पुढच्या वर्षीचं पेरणं गेलं. ती परत आणणारा माणूस गावाला राजापेक्षा जवळचा वाटला तर नवल काय? दृढप्रहाराची जैन गोष्ट वाचताना मला वाटतं, ही तर वीरगळाचीच गोष्ट आहे. एवढाच फरक की यातला वीर जिवंत राहिला.

‘तलार’ शब्दही थोडा कानात घोळवून बघा. कर्नाटकातल्या खेड्यात गावराखणदाराला ‘तळवार’ म्हणतात. आपल्या जुन्या गावगाड्यात ‘तराळ’ होता. ज्या कामाला पुढे लोकांनी खालचं ठरवलं, तेच काम एका राजघराण्याच्या उगमाशी उभं आहे.

असो. दृढप्रहारानंतर काय झालं हे ताम्रपटांतून आणि शिलालेखांतून बरंच कळतं आणि तो भाग मला द्वारकेपेक्षा जास्त रंजक वाटतो. कारण ती एका नोकरदार घराण्याची गोष्ट आहे! सेउणचंद्र राष्ट्रकूटांचा मांडलिक झाला. 973 मध्ये राष्ट्रकूट गेले आणि कल्याणीचे चालुक्य आले, तेव्हा यांनी धनी बदलला. दुसऱ्या भिल्लमाचा शके 922 चा, म्हणजे इसवी सन 1000 चा संगमनेरचा ताम्रपट आहे. माळव्याच्या मुंजाविरुद्धच्या लढाईत भिल्लम चालुक्य तैलपाच्या बाजूने होता. त्याची फुशारकी ताम्रपटात कशी मारलीय पहा. राजलक्ष्मीने मुंजाशी संधान बांधलं म्हणून भिल्लमाने तिला शिक्षा केली आणि तैलपाच्या महालात नांदायला लावलं. लक्ष्मी आणून बसवली कुणाच्या घरी? साहेबांच्या! स्वतःच्या घरी नाही. या एका वाक्यात मांडलिकाची सगळी जागा कळते.

पुढे तिसऱ्या भिल्लमाचा 1025 चा कळस बुद्रुकचा ताम्रपट. तो चालुक्य जयसिंहाचा जावई. मग दुसरा सेउणचंद्र, त्याचा 1069 चा वसईचा ताम्रपट. कल्याणीच्या गादीच्या भांडणात याने सहाव्या विक्रमादित्याची बाजू घेतली आणि 1076 मध्ये विक्रमादित्य गादीवर बसला. अंजनेरीला बाराव्या शतकाच्या मध्याचा एक लेख आहे, त्यात तिसऱ्या सेउणचंद्राच्या काळात चंद्रप्रभ जिनमंदिराला दुकानं दान दिल्याची नोंद आहे. (जिनप्रभसूरींच्या गोष्टीतलं तीर्थसुद्धा चंद्रप्रभाचंच. जैनांशी या घराण्याचं नातं कोरड्या कल्पनेतून आलेलं नसावं.) महासामंत, मग महामंडलेश्वर... पदव्या हळूहळू वाढत जातात, जशा सरकारी नोकरीत वाढतात. लग्नं होतात तीही वरच्या घरांत, राष्ट्रकूटांकडे, शिलाहारांकडे, चालुक्यांकडे. आणि सोयरीक जशी वर सरकते तसा मूळपुरुषही वर सरकत जातो.

पाचव्या भिल्लमाने चालुक्यांचं जू झुगारलं तोवर सव्वातीनशे वर्षं झाली होती. स्वतंत्र राज्य किती टिकलं? 1187 पासून 1317-18 पर्यंत. जेमतेम एकशे तीस वर्षं. म्हणजे या घराण्याच्या एकूण आयुष्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास वर्षं दुसऱ्याच्या चाकरीत गेली. आपण त्यांचा इतिहास सांगताना नेमका तेवढाच भाग गाळतो.

आता द्वारका. यादव स्वतःला ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणवत. उत्तम द्वारावती नगरीचे धनी. पण त्यांनी द्वारका कधी जिंकली नाही, जिंकायचा प्रयत्नही केला नाही. तिथल्याशी त्यांचा राज्यकारभाराचा संबंध आल्याचाही पुरावा नाही. घराणं नावारूपाला आल्यानंतर हा दावा ठळक होत जातो. दक्षिणेकडचे त्यांचे कट्टर वैरी होयसळ, तेही स्वतःला यदुवंशी म्हणवत आणि तेही द्वारावतीचे धनी! सिंघण आणि बल्लाळ यांची सैन्यं एकमेकांशी भिडत तेव्हा दोन्हीकडचे भाट एकाच कृष्णाचं नाव घेत असणार.

त्यांचे जुने धनी राष्ट्रकूट, त्यांच्या सुरुवातीच्या ताम्रपटांत यदूचा पत्ता नाही. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात तो येतो. मात्र ते ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ होते, म्हणजे लातूरचे, हे त्यांनी लपवलं नाही. कोकणातले शिलाहार ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे. त्यांचा मूळपुरुष जीमूतवाहन, ज्याने नागाला वाचवण्यासाठी शिळेवर बसून स्वतःला गरुडाचा घास म्हणून पुढे केलं. शिळेवरचा आहार तो शिलाहार! नावाला गोष्ट जुळवायची ही कला आपल्या लोकांत तेव्हापासून आहे. होयसळांचंही तेच. सळ नावाच्या वीराने वाघ मारला, गुरूने ‘होय् सळ’ म्हणून आज्ञा केली, झालं नाव तयार.

या सगळ्यांत एकच घराणं वेगळं वागलं आणि म्हणून मला ते आवडतं. ओरुगल्लूचे, म्हणजे वरंगळचे काकतीय. काही लेखांत त्यांच्याबद्दल सूर्यवंशाची भाषा येते, नाही असं नाही. पण त्यांच्या बऱ्याच लेखांत क्षत्रियत्वाचा आव नाही. उलट काही लेख सरळ सांगतात की हे चौथ्या वर्णाचे. ब्रह्मदेवाच्या पायापासून झालेले, आणि त्यात लाज वाटावी असं काही नाही. यादव जैतुगीने ज्याला कैदेत ठेवून मग सोडलं, त्या गणपतिदेवाचं हे घराणं. त्याने पुढे साठेक वर्षं राज्य केलं आणि त्याच्यामागे मुलगी रुद्रमादेवी गादीवर बसली. मथुरेहून न येता, द्वारका न जळता त्यांचं राज्य चाललं, लोकांनी त्यांना राजा मानलं. तेव्हा ‘त्या काळात त्याशिवाय चालतच नव्हतं’ असं म्हणायचीही सोय नाही. चालत होतं. अवघड असेल, पण चालत होतं.

मराठी की कानडी हा वाद मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यातही तीच खोड दिसते. सुरुवातीच्या राजांची नावं धाडियप्पा, राजुगी, वद्दिग, वेसुगी अशी. यादवांचे शेकडो लेख सापडलेत, त्यांत कन्नड लेखांची संख्या मोठी. धारवाडचे श्रीनिवास रित्ती यांनी सेउणांवर अख्खा ग्रंथ लिहून त्यांना कन्नड मूळ दिलं. आपल्याकडच्या विद्वानांनी त्यांना मराठा ठरवलं. एक बाजू म्हणते नावं बघा, दुसरी म्हणते ज्ञानेश्वरी बघा. पण ज्या सिन्नर-चांदवडमध्ये हे घराणं वाढलं, तिथे नवव्या शतकात 1960 ची सीमारेषा होती का? त्याच शतकात राष्ट्रकूटांच्या दरबारी रचलेला कविराजमार्ग कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. हे ऐकलं की आपल्या लोकांच्या कपाळावर आठी येते. पण मान्यखेटच्या दरबाराची भाषा त्यांच्या मांडलिकांनी उचलली तर त्यात विशेष काय? आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कारकुनांनी साहेबाची भाषा आणि साहेबाचा कोट नाही का उचलला? त्यावरून पुढे कुणी त्यांना इंग्लंडहून आलेले म्हणेल काय?

आणि राजाचं मूळ काहीही असो, लोकांची भाषा आपल्या वाटेने पुढे येतच होती. चाळीसगावजवळ पाटणला सिंघणाच्या काळातला, तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, तो सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला. लेखाचा विद्वत्तेचा भाग संस्कृतात आहे. पण मठाच्या खर्चासाठी बाजारातून कुणी काय द्यायचं, घाण्यामागे किती तेल द्यायचं, हा भाग मराठीत आहे. कारण तो तेल्याला आणि वाण्याला कळायला हवा होता. मराठी शिलालेखात शिरली ती अशी, तेलाची पळी हातात घेऊन. 1290 साली ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा तिच्या शेवटी रामचंद्राचा उल्लेख यदुवंशाच्या नात्यानेच येतो. म्हणजे तोवर हेमाद्रीची बाजू पुरती रुजली होती. गुरं सोडवणारा दृढप्रहार राजधानीतून हद्दपार झाला होता. तो राहिला नाशिकच्या तीर्थाच्या आठवणीत.

आता आमच्या घराकडे येते.

आमचं घर बागलाणातलं. वडिलांच्या पिढीत सगळे नाशिक-पुण्याला आले, आमच्या पिढीत काही जण त्याच्याही पलीकडे गेले. गेली दोन वर्षं तात्या (माझे धाकटे काका) कुलवृत्तांत तयार करताहेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्या, जुने सातबारे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी असं सगळं गोळा करून त्यांनी आठ पिढ्या लावल्या. एवढं काम कुणी केलं नसतं, त्यांना खरंच दंडवत. आठव्या पिढीला जे नाव आहे, त्याच्यापुढे चोपडीत एक शब्द आहे. जागल्या.

बागलाणात मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत होती हे बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल. नदीवर लहान बंधारा घालायचा, पाट काढायचा, शिवाराचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाणी कुणाला कधी हे ठरवायला पाटकरी आणि पाटाची, पिकाची राखण करायला जागल्या. रात्री कंदील घेऊन बांधावरून फिरायचं, कुणी पाणी फोडत नाही ना, गुरं पिकात शिरत नाहीत ना, ते बघायचं. शेताच्या सुगीवर त्याचा वाटा असे. म्हणजे गावाने विश्वासाने दिलेलं काम. ज्याच्यावर शंका असेल त्याला कुणी पाण्याची राखण देत नाही.

तर कुलवृत्तांताच्या पहिल्या पानाचा मसुदा आला आणि त्यात हा जागल्या नव्हता. त्याऐवजी लिहिलं होतं, ‘आपले मूळ घराणे देवगिरीकर यादवांच्या पदरी होते, राज्य बुडाल्यानंतर ते बागलाणात स्थायिक झाले.’ पुरावा काय? एकही नाही. चोपडीतल्या आठव्या पिढीपासून देवगिरीच्या पाडावापर्यंत मधली शेकडो वर्षं नुसती मोकळी. सिंदखेडच्या जाधवांसारखं कुळ यादवांशी नातं सांगतं, तर त्यांची तशी परंपरा आहे, देशमुखी आहे, कागद आहेत. आमच्याकडे एक चोपडी आणि एक कंदील.

मी फोन करून विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, “अगं, पुस्तक छापून सगळ्या सोयऱ्यांकडे जाणार. पहिल्याच पानावर जागल्या कसा लिहायचा? लोक काय म्हणतील? आणि यादवांनी तरी काय केलं? त्यांनीही द्वारका लावलीच ना?”

न्यू जर्सीचा दादा छपाईचा खर्च करतोय. त्याचं म्हणणं आणखी सोपं. मुलांना सांगायला काहीतरी भारी हवं.

तात्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर नीट देता आलं नाही, कारण तुमच्यासमोर माझा आवाज नेहमीच बारीक होतो. म्हणून इथे लिहिते. रागावू नका.

यादवांना द्वारका लागली कारण त्यांना तिचा उपयोग होता. ताम्रपट म्हणजे सरकारी कागद. त्याच्या वरच्या भागातली वंशावळ ही त्या काळची राजमुद्रा. ती जितकी जुनी, तितका त्या दानाला वजन. आपलं घराणं देवाच्या कुळातलं म्हटलं की वरच्या घरात लेकी देता येत, यज्ञ करता येत, शेजारच्या राजाशी बरोबरीने बोलता येई. त्यांनी ती किंमत मोजून तो माल घेतला. आपल्याला त्याने काय मिळणार आहे? कुठल्या राजाशी सोयरीक करायची आहे? आपण फक्त एका माणसाला पहिल्या पानावरून उठवून लावणार. ज्याने आपल्यासाठी काही केल्याचा लेखी पुरावा आहे, असा तो घराण्यातला सगळ्यात जुना माणूस.

शिवाय ताम्रपटाला खालचाही भाग असतो. कोणतं गाव दिलं, कुणाला दिलं, पूर्वेला कोणता ओढा, पश्चिमेला कोणाचं शेत. इतिहासाचा अभ्यासक वरची वंशावळ सावधपणे वाचतो आणि खालच्या भागावर तुटून पडतो. कारण तिथे खोटं लिहून चालत नव्हतं, शेजाऱ्यांना सीमा माहीत होत्या. आज सेउणदेशाबद्दल आपल्याला जे थोडंफार ठाम माहीत आहे ते या खालच्या भागामुळे. आपल्या कुलवृत्तांतात असा खालचा भाग भरपूर आहे. कुठला फड, कुठला बंधारा, दुष्काळात कोण कुठे गेलं, विहीर कुणी खणली. पन्नास-शंभर वर्षांनी कुणी हे पुस्तक उघडलं तर त्याला तेच हवं असेल. पहिल्या पानावर देवगिरी दिसली की तो बाकीच्या पानांवरही संशय घेईल. तुमच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर हा डाग कशाला?

आणि दादा, तुझ्या मुलांना भारी गोष्ट हवी ना? मग ही सांग. अंधारात बांधावरून कंदील घेऊन फिरणारा माणूस, सगळं गाव झोपलेलं, पाट वाहतोय आणि त्याच्या भरवशावर सगळे निर्धास्त. दरबारात कुणाच्या तरी ‘पदरी’ असलेल्या बिनचेहऱ्याच्या पूर्वजापेक्षा हा त्यांना जास्त लक्षात राहील. आणि एवढंच यादवांशी नातं लावायचं असेल तर लावा की! त्यांचा मूळपुरुष गुरांचा राखणदार, आपला पाण्याचा. कदाचित रक्ताचं नसेल, पण कामाचं नातं नक्की आहे.

जाता जाता एक. दृढप्रहाराची आई, ती आगीतून वाचलेली गरोदर बाई. हेमाद्रीच्या चार भावांच्या वाटणीत तिला जागाच नाही. आपल्याही मसुद्यात लेकींपुढे ‘कन्या’ आणि सुनांपुढे फक्त माहेरचं आडनाव आहे. पहिलं पान दुरुस्त करायला घेतलंच तर ही नावंही भरू या. आत्त्यांना फोन करायचं काम माझ्याकडे द्या. म्हाताऱ्या माणसांची नावं अजून आठवताहेत तोवरच ते होईल.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कुलवृत्तांत झाले असतील त्यांनी जरूर सांगा, तुमच्या पहिल्या पानावर कोण आहे? आणि त्याच्या आधी तिथे कोण होतं?